सासूबाईंसाठी मिस्सा: कोल्हापुरातल्या एका घराचं प्रकरण

धर्मशिक्षणाचं काम करणाऱ्या आणि प्रश्न आला की फादरांच्या सांगण्यावरून लोकांच्या घरी जाणाऱ्या कॅथलिक मंडळींसाठी हे प्रकरण लिहिते आहे. घरातल्यांची परवानगी घेतली आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

घर राजारामपुरीतलं. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट, मिशनच्या कामातून जी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांच्यातलं हे एक. आजी निवृत्त नर्स होत्या. रोज पहाटे एक स्तोत्र मोठ्याने वाचायच्या आणि रविवारी आपल्या मंडळीत उपासनेला जायच्या. थोरला मुलगा उद्यमनगरात फौंड्रीत सुपरवायझर आहे. त्याची बायको कॅथलिक, माहेर आजऱ्याकडचं. लग्नाच्या वेळी बिशपांची रीतसर परवानगी घेतली होती आणि मुलं कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून शक्य ते सगळं करीन, असं वचन सुनेनं दिलं होतं. सुनेची सकाळची ड्यूटी असली की नातवंडांना मिस्साला, म्हणजे आमच्या कॅथलिक उपासनेला, आजीच घेऊन यायच्या. मागच्या बाकावर बसायच्या. मुलं कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, पुढे गेली की आपण जागेवरच उभ्या राहायच्या, कारण ते आपल्यासाठी नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. धाकटा मुलगा काही वर्षांपासून कसबा बावड्यातल्या एका स्वतंत्र प्रार्थना मंडळीत जातो.

आजी पावसाळ्यात गेल्या. दफनविधी त्यांच्याच पाळकांनी, त्यांच्याच पद्धतीने केला. त्यावर कुणाचाच वाद नव्हता. वाद उठला तो सुनेनं सातव्या दिवसाच्या मिस्सासाठी सासूबाईंचं नाव दिलं तेव्हा.

तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ

घरात प्रार्थनेसाठी माणसं जमली होती. धाकट्याला मिस्साचं कळलं आणि त्याने सगळ्यांसमोर वहिनीला विचारलं, "वहिनी, आई प्रभूजवळ गेली का नाही? गेली असली तर मिस्सा कशाला? आणि गेली नसली तर मिस्सानं काय होणार?"

आमच्या धर्मग्रामातला (पॅरिशमधला) एक तरुण तिथे आला होता. मुलगा हुशार आहे, वाचतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वक्त्यांचे अमेरिकेतले वादविवाद त्याने रात्र-रात्र ऐकले आहेत. त्याने वही काढली. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढला. लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबी दोन हजार चांदीची नाणी यरुशलेमला पाठवतो, त्यांच्या पापांसाठी अर्पण व्हावं म्हणून, हा तो भाग. धाकट्याने म्हटलं, हे पुस्तक आमच्या पवित्र शास्त्रातच नाही. तरुण म्हणाला, नसणारच, लूथरनं सात पुस्तकं काढून फेकली. धाकटा म्हणाला, तुम्हीच ट्रेंटला घुसडली. आणि मग तासभर बायबलात पुस्तकं त्र्याहत्तर की सहासष्ट, हेच चाललं.

शेवटी तरुणानं शुद्धीस्थान, म्हणजे मरणानंतर आत्म्याची होणारी शुद्धी, समजावण्यासाठी फौंड्रीचा दाखला दिला. भट्टीत लोखंड वितळतं, वर मळी येते, ती काढली की खालचं लोखंड स्वच्छ निघतं, तसाच आत्मा. थोरला तोवर गप्प होता. तो म्हणाला, "म्हणजे माझी आई आत्ता भट्टीत आहे?" सून उठून आत गेली. वाद तिथेच थांबला.

त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंनी जे सांगितलं गेलं, त्यात चुकीची माहितीही होती, ती आधी नीट करते. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरनं ती पुस्तकं फेकली नाहीत. १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलमध्ये ती जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये वेगळी छापली होती. पवित्र शास्त्राच्या तोडीची नाहीत, पण वाचायला उपयोगी, अशी टीप देऊन. त्याच्याही शेकडो वर्षं आधी बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमला या पुस्तकांबद्दल शंका होती, हेही खरं. दुसरीकडे, ट्रेंटच्या धर्मसभेनं १५४६ मध्ये ती नव्याने घुसडली, हेही चूक. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो इथल्या ३९३ च्या आणि कार्थेज इथल्या ३९७ च्या सभांच्या यादीत ती आहेत. ट्रेंटच्या शंभर वर्षं आधी, १४४२ मध्ये, फ्लोरेन्सच्या धर्मसभेनंही तीच यादी दिली होती. आपल्या बाजूनं बोलताना अर्धी माहिती वापरायची आणि समोरच्याच्या अर्ध्या माहितीवर तुटून पडायचं, याला मी श्रद्धेचं समर्थन म्हणत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं जे वचन आपण सारखं सांगतो (३:१५), त्यात आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा तयार राहा, असं आहे. पण पुढे लगेच सौम्यतेनं आणि आदरानं, असंही आहे. तो भाग वहीत उतरवून घेतलेला मला क्वचितच दिसतो.

आपल्याच माणसांशी

फादरांनी मला त्या घरी जायला सांगितलं. त्याआधी रविवारच्या मिस्सानंतर आमच्याच आवारात जे ऐकलं, ते मला धाकट्याच्या प्रश्नापेक्षा जड गेलं.

तरुणाचं म्हणणं असं झालं की प्रोटेस्टंट बाईसाठी जाहीर मिस्सा होऊच शकत नाही, चर्चबाहेर तारण नाही. पॅरिश कौन्सिलमधले एक ज्येष्ठ म्हणाले, "शुद्धीस्थान वगैरे आता कोण मानतं? व्हॅटिकननंतर ते गेलं. सगळ्यांचा देव एकच, वाद कशाला? गपचूप नाव वाचा आणि सोडा." आणि प्रार्थना गटातल्या एक ताई सुनेला बाजूला घेऊन सांगत होत्या की अमुक इतक्या जपमाळा अमुक दिवसांत म्हटल्या की आत्मा नक्की सुटतो.

तिघांपैकी एकाचंही म्हणणं चर्चची शिकवण नाही.

तरुणाच्या बाबतीत गोष्ट स्पष्ट आहे. बोस्टनमधले जेझुईट फादर लिओनार्ड फीनी हे वाक्य याच कडक अर्थाने शिकवत होते. रोमनं ऑगस्ट १९४९ मध्ये बोस्टनच्या आर्चबिशपांना पत्र लिहून तो अर्थ चुकीचा ठरवला, आणि बोलावूनही रोमला हजर न राहिल्यामुळे १९५३ मध्ये फीनींना बहिष्कृत केलं. म्हणजे चर्चबाहेर तारण नाही हे वाक्य सर्वांत कडक अर्थाने घेणारा माणूसच चर्चबाहेर पडला. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनं १९६४ मध्ये ऐक्याविषयीच्या आदेशात लिहिलं की आज जे त्या मंडळ्यांत जन्मतात आणि ख्रिस्तावरच्या श्रद्धेत वाढतात, त्यांच्यावर फुटीच्या पापाचा दोष ठेवता येत नाही. कॅथलिक चर्च त्यांना बंधू म्हणून आदराने आणि प्रेमाने जवळ करते. आजींचा पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं पाण्यानं झालेला बाप्तिस्मा आपण मानतो. त्या कॅथलिक व्हायला आल्या असत्या तरी आपण तो पुन्हा दिला नसता. आणि चर्चच्या कायद्याचं ९०१ वं कलम एका ओळीचं आहे: धर्मगुरू जिवंत किंवा मृत, कुणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो.

जाहीर मिस्साबद्दल १९७६ चा रोमचा वेगळा निर्णय आहे. नातेवाइकांनी किंवा मित्रांनी खऱ्या धार्मिक भावनेनं मागितली असेल आणि श्रद्धावंतांची दिशाभूल होणार नाही असं बिशपांना वाटत असेल, तर अशी मिस्सा करता येते. मात्र युखरिस्त प्रार्थनेत, म्हणजे मिस्सामधल्या भाकर आणि द्राक्षारसावरच्या मुख्य प्रार्थनेत, मृताचं नाव घ्यायचं नाही, कारण तिथलं नाव पूर्ण ऐक्याचं चिन्ह आहे. म्हणून ज्येष्ठांचं "गपचूप नाव वाचा" हेही चालत नव्हतं. शुद्धीस्थानाबद्दल तर त्यांची समजूत साफ चुकीची आहे. त्याच व्हॅटिकन सभेच्या चर्चविषयक संविधानात मृतांसाठी प्रार्थनेचा उल्लेख आहे, तोही मक्काबीचा हवाला देऊन. १९९२ च्या कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाच्या, १०३० ते १०३२ परिच्छेदांत ही शिकवण स्पष्ट लिहिली आहे. ज्येष्ठ दर रविवारी मिस्साला येतात आणि प्रत्येक मिस्सामध्ये मृतांसाठी प्रार्थना होते, ती त्यांच्या कानावरून जात असणार.

ताईंना मी ट्रेंटचा १५६३ चा ठराव वाचून दाखवला. ज्या सभेनं शुद्धीस्थानाची शिकवण प्रोटेस्टंटांसमोर ठाम धरली, तिनेच बिशपांना बजावलं की साध्या लोकांपुढच्या प्रवचनांत अवघड, गुंतागुंतीचे प्रश्न आणू नका, आणि कुतूहल, अंधश्रद्धा किंवा घाणेरड्या कमाईचा वास येईल ते बंद करा. अमुक माळांना अमुक सुटका हा हिशेब त्यातच येतो. ताईंना ते आवडलं नाही. पण त्या दिवसापासून सुनेला त्यांनी आकडे सांगितले नाहीत.

आपल्यातला हा घोळ धाकट्याला दिसत होता. त्याच्या वहिनीला एकाच आवारात तीन कॅथलिकांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. अशा वेळी समोरच्याची मतं खोडून काढण्याआधी आपल्या घरात काय शिकवलं जातंय ते पाहणं भाग आहे.

धाकट्याचा खरा प्रश्न

मी गेले तेव्हा धाकटा घरीच होता. वही नेली नव्हती. "तुझं म्हणणं आधी सगळं सांग," म्हटलं. तो म्हणाला, "बाई, मी भांडायला आलेलो नाही, विचारालोय." मग त्याने इब्री ९:२७ सांगितलं, मरण एकदाच आणि मग न्याय. वधस्तंभावरच्या चोराला येशूनं "आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" म्हटलं (लूक २३:४३), तेही सांगितलं. मिस्साचे पैसे का घेतात ते विचारलं. आणि मग आवाज बदलून म्हणाला, "आमच्या पणज्यानं श्राद्ध सोडलं तेव्हा गावानं पाणी तोडलं होतं. आणि आता त्याच घरात आईचं श्राद्ध घालायचं होय?"

माझ्या मते सगळं प्रकरण या एका वाक्यात होतं, आणि तिसऱ्या दिवसाच्या त्या तासाभरात कुणीच इथवर पोचलं नव्हतं. अमेरिकेतल्या वादविवादांत हा प्रश्न येणारच नाही. तिथल्या प्रोटेस्टंटाच्या घराशेजारी दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणारी माणसं नसतात. कोल्हापुरात ती असतात. पंचगंगेच्या घाटावर जाणारे शेजारी, मित्र, नात्यातलेही असतात. या कुटुंबाच्या लेखी ख्रिस्ती होण्याची सगळ्यात महाग किंमत पितरांच्या विधीतून बाहेर पडण्याची होती. पणज्यानं ती मोजली. मृत आईसाठी विधी हे शब्द कानावर पडले की पणतवाला तीच किंमत आठवते.

मी त्याला फरक सांगितला, शेजाऱ्यांच्या श्रद्धेला हलकं न लेखता. श्राद्धात पितरांना अन्न पोचवायचं असतं आणि पितृऋण फेडायचं असतं. मिस्सा मृताला अर्पण होत नाही, ती पित्याला अर्पण होते, आणि अर्पण ख्रिस्ताचं असतं. मृताला उपाशी राहण्याचं भय नसतं, जिवंताला शापाचं भय नसतं, आणि ती केली नाही म्हणून मुलगा दोषी ठरत नाही. पैशांबद्दल त्याचा राग रास्त आहे, कारण गैरवापर झाले आहेत. म्हणूनच चर्चचा कायदा गरजूंसाठी काही न घेताही मिस्सा करण्याची शिफारस करतो आणि व्यापाराचा भाससुद्धा नको म्हणतो. सुनेकडून फादरांनी काही घेतलं नव्हतं. हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग शुद्धीस्थानाकडे आलो. तो म्हणाला, तुम्ही स्वर्ग आणि नरक यांच्यामध्ये तिसरी जागा मानता. मी कॅटेकिझममधलं वाक्य सांगितलं: जे देवाच्या कृपेत व मैत्रीत मरण पावतात पण पूर्ण शुद्ध झालेले नसतात, त्यांच्या अनंत तारणाची खात्री असते. म्हणजे कोण कुठे जाणार याचा निकाल लागलेला आहे. दुसरी संधी नाही, जामीन नाही. इब्रीच्या वचनाला त्याने बाध येत नाही.

यावर तो उठला आणि आईच्या कपाटातून एक पुस्तिका घेऊन आला. खाकी कागदाचं कव्हर घातलेली, कोपरे मऊ पडलेली. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची, वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरावली. "आईनं आमच्याकडून पाठ करून घेतली होती," म्हणाला आणि ३७ वा प्रश्न काढला. विश्वासणाऱ्यांना मरणाच्या वेळी काय लाभ मिळतो? उत्तर: त्यांचे आत्मे पवित्रतेत परिपूर्ण केले जातात आणि तत्काळ गौरवात जातात. पानावर पेन्सिलची रेघ होती.

तो हे माझ्याविरुद्ध दाखवत होता. मी त्याला पहिला अर्धा भाग पुन्हा वाचायला सांगितला. परिपूर्ण केले जातात. म्हणजे मरताना ते परिपूर्ण नसतात, देव त्यांना करतो. आजींच्या प्रश्नोत्तरावलीतही शुद्धी आहे! ती ख्रिस्ताच्या पुण्याईनं होते, हेही दोघांना मान्य. मतभेद तत्काळ या शब्दावर आहे. आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी नोव्हेंबर २००७ च्या आशेविषयीच्या परिपत्रकात लिहिलं आहे की हे पालटून टाकणारं जळणं किती काळ चालतं ते या जगाच्या घड्याळानं मोजता येत नाही. ते सारं ख्रिस्ताच्या नजरेसमोर उभं राहण्यात घडतं. १ करिंथ ३ मध्ये पौल ज्या अग्नीबद्दल बोलतो, ज्यातून माणूस वाचतो पण जणू अग्नीतून, त्याचा अर्थ असा लावला तर भट्टीचं चित्र आपोआप गळून पडतं. थोरला दारात उभा राहून ऐकत होता. त्याने मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

पण इथेच जुळलं म्हणून टाकणं खोटं झालं असतं. उरतो तो मतभेद खरा आहे: जिवंतांच्या प्रार्थनेचा मृतांना उपयोग होतो का? १६४७ चा वेस्टमिन्स्टर विश्वासजाहीरनामा मृतांसाठी प्रार्थना करू नये, असं सरळ म्हणतो. आपण करतो. या मुद्द्यावर मी मक्काबीपासून सुरुवात केली नाही, कारण ज्या पुस्तकाला तो शास्त्र मानत नाही त्याचा आधार त्याच्यापुढे ठेवून उपयोग नव्हता. २ तीमथ्य १:१८ काढलं. अनेसिफराला त्या दिवशी प्रभूची दया मिळो, अशी पौलाची प्रार्थना. तो तेव्हा मेला होता का, हे वचन सांगत नाही. पण पौल नमस्कार त्याच्या घराला पाठवतो, त्याला नाही, म्हणून बऱ्याच अभ्यासकांना तसं वाटतं. मी तेवढंच म्हटलं, त्याहून जास्त नाही. मग संत ऑगस्टीनची आई, संत मोनिका. ३८७ मध्ये ऑस्तिया इथे मरताना तिने मुलांना सांगितलं की माझं शरीर कुठेही ठेवा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. ऑगस्टीननं हे लिहून ठेवलं आहे, आणि आईसाठी प्रार्थनाही लिहिली आहे. ज्याच्या शिकवणीतून प्रेस्बिटेरियन परंपरा आली, त्या कॅल्विनला हा प्रसंग ठाऊक होता. त्याने म्हटलं की ही म्हाताऱ्या बाईची इच्छा होती आणि मुलानं ती शास्त्राच्या कसोटीवर तपासली नाही. हेही मी धाकट्याला सांगितलं, कारण ते त्याच्या बाजूचं उत्तम उत्तर आहे आणि ते त्याला ठाऊक असायला हवं. शेवटी १५३१ मध्ये लूथरपंथाच्या बाजूनं लूथरचा सहकारी मेलांख्थन यानं लिहिलेलं: प्राचीन लोक मृतांसाठी प्रार्थनेबद्दल बोलतात हे आम्हाला माहीत आहे, आणि आम्ही तिला मनाई करत नाही.

"मग आमच्यातलाच एक जण मना करत नव्हता," तो म्हणाला. मला वाटतं त्या बैठकीत त्याला नवीन असं हेच एक होतं. त्याचं मत बदललं नाही. त्याने ते सांगितलंही: "प्रार्थना करा, मी अडवणार नाही. मी मात्र आईसाठी नाही, आईबद्दल आभार मानीन."

मिस्सा आणि त्यानंतर

फादरांनी बिशपांच्या कार्यालयाला विचारून होकार घेतला. सातव्या दिवशी मिस्सा झाली. सुरुवातीला फादरांनी आजींच्या नावाने निवेदन केलं आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्यांची आठवण केली. युखरिस्त प्रार्थनेत नाव घेतलं नाही. सुनेला हे लागलं. त्यामागचं कारण मी आधी समजावलं होतं, तरी लागलं, आणि ते लागणं मला योग्यच वाटतं. ख्रिस्ती लोकांमधली फूट पुस्तकात वाचताना दुखत नाही, ती अशा जागी दुखते. थोरला आला होता. आई जिथे बसायची त्याच बाकावर तो बसला होता. धाकटा आला नाही. संध्याकाळी घरी मात्र तो आपल्या मंडळीतल्या दोघांना घेऊन आला, तेविसावं स्तोत्र वाचलं, आणि वहिनीनं वाढलेलं सगळ्यांनी एकत्र बसून खाल्लं.

त्या तरुणाशी मी दोनदा बोलले. त्याचं वाचन थांबवायचं नाही, हे मी फादरांनाही सांगितलं. इतकी तळमळ आपल्या किती मुलांत आहे? त्याला मी दोन गोष्टी करायला लावल्या आहेत. ज्या मतावर बोलायचं ते आधी त्याच मताच्या माणसाला पटेल अशा शब्दांत लिहून काढायचं. आणि कोल्हापुरातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत बसून, त्यांच्या आजोबा-पणजोबांनी काय सोडलं आणि त्याची किंमत काय पडली, ते ऐकायचं. पहिली गोष्ट तो झपाट्याने शिकतोय. दुसरीला वेळ लागेल.

प्रकरण संपलेलं नाही. धाकट्यानं मला पुढचे प्रश्न लिहून दिले आहेत: मरियेकडे मध्यस्थी मागायची तर ती ऐकते कशी, आणि १ तीमथ्य २:५ मध्ये एकच मध्यस्थ म्हटलं आहे त्याचं काय. प्रश्नाखाली त्याने कंसात लिहिलंय, नवस आणि यात फरक काय, तेही सांगा. पुढच्या बैठकीला तो तरुणही येणार आहे. त्याला मी सांगून ठेवलंय की सुरुवात त्या कंसापासून करायची.